रक्ताची साक्ष

मराठी भाषेने रक्ताकडून पुष्कळ कामे करून घेतली आहेत. आपण रक्ताचे पाणी करतो, रक्त आटवतो, रक्ताची नाती सांभाळतो. कोणाचे रक्त खवळते, कोणाचे गोठते. पण साक्षीदाराचे काम मात्र आपण त्याच्यावर कधी सोपवले नाही. ते सोपवले गेल्या सव्वाशे वर्षांतल्या वैद्यकाने. आज बोटभर नळीतले रक्त यकृताची हकीकत सांगते, मूत्रपिंडाची सांगते, साखरेची तर दर महिन्याला सांगते. एका अवयवाविषयी मात्र हा बोलका साक्षीदार फार काळ तोंड मिटून बसला होता. तो अवयव म्हणजे मेंदू.

याला एक कारण शरीररचनेतच आहे. १८८५ साली पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने जनावरांच्या रक्तात रंग टोचले, तेव्हा सगळे शरीर रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक भिंत आहे, हे पुढे इतरांच्या प्रयोगांतून कळले. बाहेरचे आत जाऊ नये म्हणून निसर्गाने ती घातली. तिचा दुसरा परिणाम असा की, आतले बाहेरही फारसे येत नाही. मेंदूच्या रोगांपुढे रक्त इतकी वर्षे गप्प का राहिले आणि अलीकडे ते बोलू लागले ते कसे, याचा इतिहास मला मोठा उद्बोधक वाटतो. तो केवळ प्रयोगशाळेचा इतिहास नाही. आपल्या नशिबात काय आहे हे माणसाला आधी कळावे की कळू नये, हा जुना प्रश्न त्यात पुन्हापुन्हा डोके वर काढतो.

या कथेचा आरंभ १९०६ सालात करावा लागतो. त्या वर्षी जर्मनीत दोन घटना घडल्या. मे महिन्यात आउगुस्ट फॉन वासरमान आणि त्याचे सहकारी यांनी उपदंशावरची रक्तपरीक्षा प्रसिद्ध केली. नोव्हेंबरात ट्युबिंगेन येथे भरलेल्या मनोरोगतज्ज्ञांच्या सभेत आलोइस अल्त्सहायमर याने एका बाईची हकीकत सांगितली. तिला पन्नाशीतच विस्मृतीने ग्रासले होते आणि त्याच वर्षी ती वारली होती. तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याला पेशींत गुंते आणि पेशींबाहेर साचलेले पुंजके दिसले. आपण ज्याला आज अल्झायमर म्हणतो तो हा रोग. दोन्ही घटनांचा संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे. त्या काळी युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत 'पक्षाघाती वेड' नावाच्या व्याधीचे रुग्ण मोठ्या संख्येने असत, आणि ती व्याधी मेंदूत शिरलेल्या उपदंशाची होती. अल्त्सहायमरने दोनच वर्षांपूर्वी या व्याधीत मेंदूची सूक्ष्मरचना कशी बदलते यावर प्रबंध लिहिला होता. म्हणजे एकाच इस्पितळात शेजारच्या खाटांवर पडलेली ही दोन वेडे. त्यांपैकी एकाला रक्तपरीक्षा त्याच वर्षी मिळाली, आणि दुसऱ्याला तिच्यासाठी शंभराहून अधिक वर्षे थांबावे लागले.

वासरमानच्या परीक्षेचे तत्त्व लढाईच्या धुरळ्यासारखे आहे. शत्रू दिसला नाही तरी धुरळा दिसतो. शरीरात परका जंतू शिरला की शरीर त्याच्याशी लढणारे पदार्थ रक्तात सोडते; ते सापडले की शत्रू आला हे ओळखावे. गंमत अशी की, वासरमान ज्याला जंतूविरुद्धचा पदार्थ समजत होता, तो वस्तुतः शरीरातल्याच एका स्निग्ध द्रव्याविरुद्ध उठलेला होता. ते द्रव्य १९४१ साली मेरी पँगबोर्न हिने बैलाच्या हृदयातून वेगळे केले. सिद्धान्त चुकला आणि परीक्षा मात्र बहुधा बरोबर येत गेली! 'बहुधा' या शब्दात पुष्कळ दुःख दडलेले आहे. मलेरिया किंवा कुष्ठरोग असलेल्या माणसाच्या रक्तातही ही परीक्षा कधीकधी होकार देई, आणि तो होकार ज्याच्या माथी बसे त्याच्या संसाराचे काय होत असेल याची कल्पना करावी.

दुसरी गोष्ट अशी की, परीक्षा आली तेव्हा मेंदूतल्या उपदंशाला औषध नव्हते. १९१७ साली व्हिएन्नात वाग्नर-याउरेग याने रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणून उपचार सुरू केले, त्याला १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खरे औषध, पेनिसिलीन, १९४३ नंतर हाती आले. निदान आणि उपाय यांच्यात सदतीस वर्षांचे अंतर पडले. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होईल.

आता अशा रोगाकडे वळू की, ज्यात धुरळाच उडत नाही.

१९२० आणि १९२१ साली क्रॉइट्सफेल्ट आणि याकोब या दोन जर्मन वैद्यांनी स्वतंत्रपणे काही रुग्णांचे वर्णन केले. माणसाची बुद्धी भराभर ढासळते, तोल जातो, अंगाला झटके येतात. बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत दगावतात. दरवर्षी दहा लाखांत एखाददुसऱ्याला होणारा हा रोग. मेंदू पाहावा तर स्पंजासारखा सच्छिद्र झालेला. पण ताप नाही, सूज नाही, रक्तात लढाईची खूण नाही.

मेंढपाळांना असाच एक रोग ठाऊक होता. इंग्लंडात त्याची नोंद १७३२ पासून सापडते. मेंढी कुंपणाला अंग घासत राहते, लोकर झडते, मग ती लडखडते आणि मरते. घासण्यावरून त्याचे नाव पडले स्क्रेपी. १९३६ साली फ्रान्समध्ये क्युए आणि शेल यांनी तो टोचून एका मेंढीपासून दुसरीला देता येतो हे दाखवले. मात्र रोग उमटायला वर्षाहून जास्त काळ लागला. पुढे असेही दिसले की, फॉर्मलिनने भल्याभल्या जंतूंचा निकाल लागतो, पण या रोगाचे बीज त्यातूनही तरून जाते.

तिसरी वार्ता पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातून आली. तिथल्या फोरे लोकांत, विशेषतः बायका आणि मुले यांच्यात, थरथरत थरथरत मरण आणणारी एक व्याधी होती. तिला ते कुरू म्हणत. (महाभारतातल्या कुरूंशी या नावाचा काही संबंध नाही, पण त्या वंशातल्या एका राजाची आठवण मला या लेखाच्या शेवटी होणार आहे.) १९५७ साली व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गाइडुसेक यांनी तिचे वर्णन केले. मृत आप्तांचे शरीर शोकविधीचा भाग म्हणून खाण्याची तिथे चाल होती आणि रोग तिच्यावाटे पसरत होता, हे नंतर उलगडले. रक्त तपासले, पाठीच्या कण्यातले पाणी तपासले. कोठेही शत्रूची चाहूल नाही.

१९५९ साली विल्यम हॅडलो नावाच्या अमेरिकन पशुवैद्याने लंडनच्या वेलकम वैद्यक संग्रहालयात कुरूची छायाचित्रे पाहिली. तो स्क्रेपीवर काम करीत होता. माणसाच्या मेंदूतली ती छिद्रे पाहताच त्याला मेंढीचा मेंदू आठवला. त्याने 'लॅन्सेट' या नियतकालिकाला पत्र लिहिले की, कुरूही टोचून पाहा, आणि फार काळ वाट पाहा. त्याप्रमाणे चिंपांझींना कुरूने मेलेल्यांच्या मेंदूचा अंश टोचण्यात आला. १९६६ साली त्यांना तोच रोग झाल्याचे प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाच्या बाबतीतही तेच सिद्ध झाले. मेंढपाळाचा रोग, डोंगरातल्या बायकांचा रोग आणि जर्मन इस्पितळातला रोग यांचे गोत्र एकच निघाले. एका पशुवैद्याने एक प्रदर्शन डोळे उघडे ठेवून पाहिले म्हणून हे घडले, ही गोष्ट मला कुठल्याही महागड्या यंत्राहून मोलाची वाटते.

पण रक्त गप्प का? टिकवा आल्पर हिने १९६६-६७ मध्ये दाखवले की, किरणांच्या ज्या माऱ्याने जंतूंची बीजद्रव्ये तुटतात त्याने स्क्रेपीचे बीज तुटत नाही. जे. एस. ग्रिफिथ या गणिताच्या अभ्यासकाने १९६७ साली सुचवले की, हे बीज नुसते प्रथिन असू शकेल. १९८२ साली स्टॅन्ली प्रुसिनर याने त्याला 'प्रायॉन' हे नाव दिले. पुष्कळांनी त्याची टर उडवली. मग १९८५ साली या प्रथिनाचा साचा कोठे आहे याचा शोध लागला, तेव्हा तो निरोगी शरीराच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच सापडला! १९९७ साली प्रुसिनरला नोबेल पारितोषिक मिळाले.

हे प्रथिन आपल्या मेंदूत जन्मापासून असते. त्याची घडी सरळ असते तोवर ते सोज्ज्वळ. एखाद्याची घडी विस्कटली की ते शेजारच्याला आपल्यासारखे करते, तो त्याच्या शेजारच्याला. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या म्हणीचे याहून चपखल शास्त्रीय उदाहरण मला माहीत नाही. इथे वाण, म्हणजे बीजद्रव्य, देवाणघेवाणीत नसतेच. केवळ गुण लागतो. आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना तो घरचाच माणूस वाटतो, म्हणून ते भालाही उचलत नाहीत. लढाई नाही म्हणून धुरळा नाही. धुरळा नाही म्हणून वासरमानच्या वाटेने जाणाऱ्या सगळ्या परीक्षा व्यर्थ. रक्ताच्या मौनाचे रहस्य हे होते.

ही सगळी विद्वानांची चर्चा राहिली असती. परंतु १९८६ च्या अखेरीस ब्रिटनमधल्या गाईंत असाच स्पंजमेंदूचा रोग ओळखला गेला. गाईला मांस आणि हाडे यांचा भुगा पेंडीतून चारला जात होता. तृणभक्षक प्राण्याला त्याच्याच जातीचे अवशेष खाऊ घालण्याचे हे फळ होते. माणसांना धोका नाही असे वर्षानुवर्षे सांगण्यात आले. २० मार्च १९९६ रोजी ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात कबूल केले की, दहा तरुण रुग्णांत आढळलेला क्रॉइट्सफेल्ट-याकोबचा नवा प्रकार बहुधा या गाईंपासूनच आलेला आहे. ब्रिटनमध्ये या नव्या प्रकाराने एकूण १७८ माणसे गेली.

त्यापाठोपाठ रक्ताचा प्रश्न उभा राहिला. ज्यांच्यात रोग सुप्त आहे ते निरोगी दिसतात, रक्तदान करतात. ते ओळखायचे कसे? ब्रिटनने १९९८ पासून रक्तद्रव परदेशातून आणण्यास आरंभ केला आणि १९९९ च्या अखेरीस दान केलेल्या सगळ्या रक्तातून पांढऱ्या पेशी गाळून काढण्याची पद्धत लागू केली. २००० साली एका मेंढीचे रक्त दुसरीला देऊन हा रोग जातो हे दिसले. आणि २००४ साली पहिली मानवी हकीकत छापून आली. १९९६ साली एका रुग्णाला रक्त दिले होते. रक्तदात्याला सव्वातीन-साडेतीन वर्षांनी रोग झाला, आणि घेणाऱ्याला साडेसहा वर्षांनी. ब्रिटनमध्ये अशा रीतीने रक्तावाटे रोग झालेले तिघे सापडले. चौथ्या एकाला रोग होण्याआधीच दुसऱ्या कारणाने मृत्यू आला, पण त्याच्या प्लीहेत ते प्रथिन मिळाले. चौघांनाही गाळणी सुरू होण्यापूर्वीचे रक्त मिळालेले होते.

या चौघांपेक्षा मला जास्त आठवण येते ती ज्यांना पत्रे गेली त्यांची. पुढे रोगी ठरलेल्या दात्यांचे रक्त ज्यांना मिळाले होते त्यांना, आणि २००४ साली रक्तद्रवापासून केलेली औषधे घेणाऱ्या रक्तस्रावाच्या रुग्णांना, अधिकृतपणे कळवण्यात आले की, तुम्हांला धोका असू शकतो. यापुढे रक्तदान करू नका. शस्त्रक्रिया असेल तर आधी सांगा. धोका खरा की खोटा हे ठरवण्याची परीक्षा मात्र नाही. कुंडलीत मृत्युयोग आहे, पण त्याचा काळ सांगता येत नाही, असे ज्योतिष्याने म्हणावे आणि दक्षिणा न घेता निघून जावे, तशी ही अवस्था. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, शस्त्रक्रियेत काढलेल्या ३२,४४१ आंत्रपुच्छांपैकी १६ मध्ये हे विकृत प्रथिन आढळले. म्हणजे सुमारे दोन हजारांत एक. हे वाहक पुढे आजारी पडतील की जन्मभर निरोगी राहतील, हे त्या आकड्यावरून कळत नव्हते.

परीक्षा शोधायची तर तत्त्वच बदलायला हवे होते. शत्रूची खूण सापडत नाही, तर त्याला त्याचे कर्म नळीत करायला लावावे आणि त्या कर्मावरून त्याला ओळखावे. याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरात रोज घडते. रिकाम्या दिसणाऱ्या भांड्याला दह्याचा अंश चिकटलेला आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. त्यात कोमट दूध घालून रात्रभर ठेवा, सकाळी कळते. २००१ साली क्लाउडियो सोटो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच विरजण प्रथिनांचे लावले. सरळ घडीच्या प्रथिनात संशयित नमुन्याचा अंश घालायचा, ठेवायचे, तयार झालेल्या गाठी ध्वनिलहरींनी फोडायच्या, की प्रत्येक तुकडा नवे विरजण होतो. मग पुन्हा ठेवायचे, पुन्हा फोडायचे. २००५ साली याच रीतीने रोगी प्राण्यांच्या रक्तात प्रायॉन सापडला. २०११ साली लंडनच्या जॉन कॉलिंज यांच्या गटाने दुसरी वाट काढली. हे प्रथिन पोलादाला घट्ट चिकटते म्हणून शस्त्रक्रियेची हत्यारे धोक्याची ठरत होती. त्यांनी तोच दुर्गुण कामाला लावला आणि पोलादाच्या भुकटीवर रक्तातले प्रथिन धरले. नव्या प्रकारच्या २१ रुग्णांपैकी १५ ओळखू आले आणि निरोगी माणसांत एकही खोटा होकार आला नाही. २०१६ साली विरजणाच्या रीतीने दोन गटांनी तपासलेले सगळे रुग्ण ओळखले. त्यांतल्या एका गटाकडे दोन रक्तदात्यांचे जुने, साठवलेले नमुने होते. त्यांत लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे सव्वा वर्ष आणि अडीच वर्षे आधीच रोगाची साक्ष होती.

इतके होऊनही रक्तपेढीच्या रोजच्या तपासणीत ही परीक्षा आजतागायत रुजू झालेली नाही. साथ ओसरली, हे एक कारण. दुसरे कारण साध्या त्रैराशिकाचे आहे. शंभरात एकदाच चुकणारी परीक्षा दहा लाख निरोगी दात्यांवर वापरली, तर दहा हजार माणसांना औषध नसलेल्या रोगाचा खोटा निरोप जाईल. वासरमानच्या काळातला तो 'बहुधा' इथे पुन्हा भेटतो.

शिवाय प्रायॉनचा नेहमीचा, आपोआप उद्भवणारा प्रकार रक्तात सहजी सापडत नाही. त्यासाठी कण्यातले पाणीच काढावे लागते. तिथे विरजणाची परीक्षा फार विश्वासू ठरली आहे. तिचे खरे मोल रोग आहे हे सांगण्यात जितके आहे तितकेच नाही हे सांगण्यात आहे. कारण झपाट्याने बुद्धी हरवणाऱ्या रुग्णांत काही असे असतात की, त्यांचा विकार शरीराच्या भरकटलेल्या प्रतिकारशक्तीमुळे झालेला असतो आणि तो औषधाने बरा होतो. त्यांना प्रायॉनच्या खात्यात टाकून हात झटकणे हे पाप होय.

रक्ताला मेंदूविषयी बोलते केले ते एका निराळ्या तंत्राने. शत्रू नाही, धुरळा नाही. पण घर पडते तेव्हा मोडतोड तर होते? मज्जापेशींच्या लांब तंतूंना आतून आधार देणारी प्रथिनांची वासेबांधणी असते. पेशी ढासळली की त्या वाशांचे तुकडे भिंतीतून झिरपत रक्तात उतरतात. त्यांचे प्रमाण इतके सूक्ष्म की, एकेक रेणू मोजणारी यंत्रे २०१० नंतर आली तेव्हाच ते वाचता आले. क्रॉइट्सफेल्ट-याकोबच्या रुग्णांत हे तुकडे रक्तात भरमसाट वाढतात. मात्र पक्षाघातात, डोक्याच्या दुखापतीत, इतर मज्जारोगांतही ते वाढतात. घर पडले एवढे हा साक्षीदार सांगतो. वादळाने पडले की वाळवीने, हे नाही.

नेमके नाव सांगणारी साक्ष प्रथम मिळाली ती अल्त्सहायमरच्या रोगात. त्याने पाहिलेले गुंते ज्या टाऊ नावाच्या प्रथिनाचे, त्याचा एक विशिष्ट रासायनिक खूण असलेला अंश रक्तात वाढलेला असतो, आणि तो या रोगाला इतर विस्मृतींपासून वेगळा काढतो, हे २०२० साली मोठ्या अभ्यासांतून दिसले. १६ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या अंशावर आधारलेल्या रक्तपरीक्षेला पहिली मान्यता दिली. तीही पंचावन्न वर्षांवरील, ज्यांना विस्मृतीची लक्षणे आहेत अशांपुरतीच. १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत सुरू झालेली चौकशी रक्ताच्या थेंबापर्यंत यायला ११९ वर्षे लागली.

आता त्या कुरुवंशीय राजाकडे येतो. परीक्षिताला शाप मिळाला की, सातव्या दिवशी तक्षक तुला दंश करील. म्हणजे निदान झाले, तारीखही कळली. महाभारतातला परीक्षित एकाच खांबावर महाल बांधतो, भोवती वैद्य आणि मांत्रिक बसवतो. तक्षक फळातला इवलासा किडा होऊन आत येतो. भागवतातला परीक्षित पहारे सोडून गंगेच्या काठी बसतो आणि सात दिवस कथा ऐकतो. आधी कळलेल्या मरणाला माणसाने द्यायची ही दोन उत्तरे आपल्या परंपरेने सांगितली. रक्तपेढ्यांनी घातलेले निर्बंध हे पहिले उत्तर होते आणि ते आवश्यकच होते. दुसऱ्याला लागणारे बळ फार थोड्यांजवळ असते.

पण त्या कथेत आणखी एक पात्र आहे, त्याच्याकडे आपण कानाडोळा करतो. कश्यप नावाचा ब्राह्मण वैद्य. तक्षकाचे विष उतरवण्याची विद्या त्याला येत होती, तो राजाकडे निघालाही होता. तक्षकाने त्याला वाटेत गाठून, धन देऊन परत पाठवले.

अमेरिकेत सोनिया वल्लभ यांची आई २०१० च्या डिसेंबरात आनुवंशिक प्रायॉनरोगाने गेली. पुढच्या वर्षी रक्त तपासले, तेव्हा तोच दोष त्यांच्यातही आहे असे कळले. त्या कायद्याच्या पदवीधर. त्यांचे पती एरिक मिनिकेल यांचा व्यवसायही निराळा. दोघांनी आपापली कामे सोडली, जीवशास्त्र मुळापासून शिकले आणि केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील ब्रॉड संस्थेत याच रोगावर संशोधन करू लागले. त्यांच्याच अभ्यासातून कळले की, दोष बाळगणाऱ्या निरोगी माणसांच्या रक्तात ते पडलेल्या वाशांचे तुकडे वाढलेले नसतात; साक्ष मिळते ती रोग दाराशी आल्यावर. म्हणून त्यांचा आग्रह असा की, घर पडायची वाट न पाहता मूळ प्रथिनच कमी करणारे औषध द्यावे. या तत्त्वावरच्या एका औषधाची रुग्णांवरची प्राथमिक चाचणी २०२४ च्या सुमारास सुरू झाली. तिचे फळ काय निघेल हे आज कोणी सांगू नये.

वासरमान आणि पेनिसिलीन यांच्यामधली ती सदतीस वर्षे इथे आठवावीत. त्या काळात ज्यांच्या हाती होकाराचा कागद पडला, त्यांना त्याचा स्वतःला काहीच उपयोग झाला नाही. तरीही कोणाला रोग आहे आणि कोणाला नाही हे त्या कागदांनी वेगळे करून ठेवले नसते, तर कुठल्या औषधाने कोण बरा झाला हे पुढे कळले नसते. साक्ष आधी आणि न्याय नंतर, हा क्रम कोर्टात आहे तसा वैद्यकातही आहे. फक्त मधल्या काळात साक्ष ऐकणाऱ्या माणसाला एकटे सोडता कामा नये, आणि ज्याला ती ऐकायची नाही त्याच्यावर ती लादता कामा नये. वल्लभ यांनी आपल्या कुंडलीतला योग मागून घेतला आणि मग त्या कश्यपाला परत आणायला निघाल्या. तिसरे उत्तर असेही असू शकते, हे परीक्षिताच्या कथेत लिहिलेले नाही. ते आपल्या काळाने त्यात घातले आहे.